परिदीच्या थोबाडीत

॥ श्री मीनाक्षी प्रसन्न ॥

कोडंबाक्कम, मद्रास
ता. २० सप्टेंबर १९९३

चि. करुप्पू यास वडिवूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मदुरैच्या परिदीवाणन रसिक मंडळाचा तू अध्यक्ष झालास हे अम्मानं आधीच कळवलं होतं. तिच्या मते तू भांड्यांवर नावं कोरायचं सोडून आता छातीवर त्या लाडक्या नटाचं, परिदीचं नाव कोरून घेशील. मी तिला लिहिलंय, घेऊ दे, निदान अक्षर तरी वळणदार येईल.

आता कान इकडे कर. सहा वर्षं मी आमच्या कुंजितपादम सरांच्या हाताखाली दुसऱ्यांचे संवाद उतरवून काढतेय. या दिवाळीला येणाऱ्या परिदीच्या चित्रपटात एक प्रसंग माझा आहे, अगदी माझा. परिदी बस ड्रायव्हर आहे. त्याच्या हातून अपघात होतो आणि तो पळून घरी येतो. बाप पायरीवरून उठतो आणि त्याच्या थोबाडीत मारतो. परिदी हात उगारत नाही. चुकलं माझं म्हणतो आणि पुढची चार वाक्यं अगदी हळू आवाजात बोलतो. तीन मिनिटांचा खेळ. सर म्हणालेत, प्रसंग टिकला तर पुढच्या चित्रपटाचे सगळे संवाद माझ्या नावावर. नाही टिकला तर मी आपलं घरी येऊन शाळेत शिकवावं, हेही त्यांनी हसतहसत सांगून टाकलं.

तुम्हा लोकांची धास्ती वाटते बाबा. परिदी पडद्यावर आल्यावर पहिली दहा मिनिटं तुम्ही शिट्ट्यांशिवाय काही ऐकत नाही, म्हणून आम्ही त्या दहा मिनिटांत काही लिहीतच नाही. नुसता धूर, मोटारसायकल आणि बूट. माझ्या तीन मिनिटांना मात्र कान हवेत. अम्माचे गुडघे कसे आहेत ते लिही.

तुझ्या खुशालीची वाट बघणारी,
वडिवू

॥ श्री मुरुगन तुणै ॥

मदुरै
ता. २७ सप्टेंबर १९९३

ती. अक्कास करुप्पूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? परिदीच्या थोबाडीत? मी पत्र मंडळात वाचून दाखवलं नाही हे तुझं नशीब. मागे एका चित्रपटात परिदीला नुसती ठेच लागली होती, तर आमच्या सेल्लपांडीनं पडद्यावर चप्पल भिरकावली. त्याच्या दोन्ही चपला नव्या होत्या, तरी भिरकावली. बाप फारच रागावला असेल तर त्यानं शेजाऱ्याला मारावं. शेजारी कुणीही नट असला तरी आमची हरकत नाही.

पण अक्का, नंतर मी दुकानात बसून विचार केला. लहानपणी माझ्या चुकीबद्दल आपल्या बापाचा, अय्यांचा मार तूच खाल्ला आहेस, दोनदा. तेव्हा एवढं तरी मी केलंच पाहिजे. बघतो काय जमतं ते. अम्माचे गुडघे ठीक आहेत, जीभ त्याहून ठीक आहे.

तुझा धाकटा,
करुप्पू

मदुरै
ता. १४ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

जिंकलो अक्का, जिंकलो. 

काल दिवाळीचा पहिला खेळ. पहाटेच परिदीच्या चाळीस फुटी कटआउटवर दुधाचा अभिषेक झाला. सेल्लपांडी परिदीच्या खांद्यावर चढला आणि उतरता येईना म्हणून अर्धा तास मिशीला धरून बसला. मग मी सगळ्यांना थेटराच्या पायऱ्यांवर गोळा केलं. थोबाडीचं सांगितल्यावर आधी माझ्याच थोबाडीत बसायची वेळ आली. मग मी त्यांना म्हटलं, आपण परिदीसाठी ओरडतो ते कुणीही करतं, परिदीसाठी गप्प बसायची कुणाची छाती आहे? तिरुप्परंकुंड्रमच्या मुरुगनाला नवस बोलणारे तोंड बांधून मौन धरतात ना, तसंच आपणही परिदीसाठी धरायचं. हे मात्र सगळ्यांना पटलं. नवस म्हटला की आमच्या लोकांना भूकसुद्धा लागत नाही.

अम्मानं अय्यांचं जुनं धोतर, ती लांबलचक वेष्टी, हळदीत बुडवून दिली. तिच्या चारशे पट्ट्या फाडल्या. बाप पायरीवरून उठला, मी इशाऱ्याची बॅटरी लावली, आणि चारशे जणांनी तोंडं बांधली. थोबाडीत बसली तेव्हा सेल्लपांडीनं माझा दंड इतका दाबला की निळा पडलाय. पण चकार शब्द नाही. तुझी चारही वाक्यं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली. पट्टीच्या टोकानं डोळे टिपताना मी स्वतः पाहिलंय लोकांना. आता पुढच्या चित्रपटाच्या संवादांवर तुझंच नाव.

तुझा विजयी,
करुप्पू

मद्रास
ता. १८ नोव्हेंबर १९९३

चि. करुप्पूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खोलीत एकटीच नाचले. घरमालकीण बघायला आली, तर तिलाही नाचवली. पण ते मंगळवारी. बुधवारी कळलं ते ऐक आणि चिडू नकोस.

प्रिंटबरोबर जो वितरकाचा माणूस तुमच्याकडे आला होता, तो दाराशी उभा राहून कुठे शिट्ट्या पडतात ते वहीत लिहीत होता. माझ्या प्रसंगापुढे त्यानं लिहिलं की थेटर मेल्यासारखं पडलं, एक शिट्टी नाही, प्रसंग आपटला. त्यानं लगेच मद्रासला फोन केला. अंधारात त्याला तुमच्या पट्ट्या दिसल्या नाहीत, आणि परिदीचे लोक मुद्दाम गप्प बसले असं मी सांगितल्यावर ऑफिसातले सगळे पोट धरून हसले. सर म्हणाले, परिदीच्या चित्रपटात शांतता म्हणजे मयत. येत्या सोमवारपासून, आधी तुमच्याकडे येऊन, तो माणूस सगळीकडच्या प्रिंटमधून तीन मिनिटं कापणार आहे.

तुझी काही चूक नाही रे. तू केलंस तेवढं सख्खा भाऊच करतो. मला फार वाईट वाटतंय एवढंच. अम्माला इतक्यात सांगू नकोस, ती लगेच शाळेत जागा बघायला निघेल.

वडिवू

मदुरै
ता. २३ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास सा. न.

घाईत आहे. काल तो माणूस कात्री घेऊन आला. आम्ही त्याला कॉफी दिली, मुरुक्कू दिले आणि एक खेळ बघून मग काप म्हणून हाताला धरून मधोमध बसवला. बाप पायरीवरून उठला मात्र, आणि आम्ही सुटलो. शिट्ट्या, पिपाण्या, ताटं. थोबाडीत बसल्यावर सेल्लपांडी बापाचा विजय असो म्हणत खुर्चीवर उभा राहिला. परिदी चुकलं म्हणाला तेव्हा कागदाचे तुकडे उडाले. माणसानं वही काढली, पान पुरेना म्हणून हातावर लिहिलं. कात्री पिशवीतच राहिली. ती बातमी रात्रीतच दिंडुक्कल, विरुदुनगरपर्यंत गेली, आणि आज सकाळपासून तिथली मंडळंही थोबाडीला ताटं वाजवतात. एकाही प्रिंटला हात लागलेला नाही. ये लवकर बघायला.

करुप्पू

मद्रास
ता. २ डिसेंबर १९९३

चि. करुप्पूस अनेक उत्तम आशीर्वाद.

मदुरैहून सुखरूप पोचले. बातमी आधी सांगते. पुढच्या चित्रपटाचे संवाद माझे. करारावर नाव आहे, वडिवांबाळ, शुद्धलेखनाच्या एकाच चुकीसह. सरांनी एकच अट घातली. थोबाडीत चालतं असं सिद्ध झालंय, तेव्हा या वेळी तीन हव्यात, एक मध्यंतराआधी. बाप कमी पडला तर काका आणा म्हणाले. मी हो म्हटलंय, तू हसू नकोस.

शुक्रवारी तुम्ही पुढे ताटं बडवत होतात तेव्हा मी बायकांच्या बाजूला बसले होते. खरं सांगू? माझा एक शब्द ऐकू आला नाही. परिदीचे ओठ हलत होते एवढंच. सहा वर्षं थांबून लिहिलेली चार वाक्यं, आणि ती वाचवणाऱ्यांनीच बुडवली. मला रडावं की हसावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

शेजारी एक आजीबाई होत्या, कनकांबराची फुलं माळलेल्या. त्यांनी माझं कोपर ओढून विचारलं, काय म्हणतोय गं पोरगा बापाला. मी त्यांच्या कानाला तोंड लावून चारही वाक्यं ओरडून सांगितली. पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळल्या, म्हणून पुन्हा सांगितली. आजीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, तू काही पदरचं घालू नकोस हं, तो एवढं चांगलं बोलला असेल का?

अम्माला नमस्कार, सेल्लपांडीला चपला सांभाळायला सांग, आणि माझ्यावर जीव आहे तितकाच राहू दे.

तुझी अक्का,
वडिवू