आईची खाट

धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून दाराला चिठ्ठी लावतेय.

आईला आज दुपारी घरी सोडताहेत, हे तुला दोनदा सांगितलं होतं. सकाळी तिची खोली झाडायला गेले, तर खाटच नाही. गादीसकट नाटकाच्या सेटवर नेलीस.

भाड्याचं सामान परवडत नाही म्हणून खुर्च्या नेल्यास, पडदे काढून नेलेस, मी गप्प बसले. आता पाणी डोक्यावरून गेलं. टेम्पो घेऊन तालमीच्या हॉलवर निघालेय. तुझ्या नायिकेला जमिनीवर मरू दे.

तू आधी घरी आलास तर तसाच हॉस्पिटलात जा. पंधरा दिवसांत एकदाही फिरकला नाहीस, तरी आई नर्सला तुझ्या नाटकाचं कौतुक सांगत असते. आज शेजारी उभा राहून ऐक, आणि मान वर ठेवून दाखव.

ताई