पुढचा बांबू, मागचा बांबू

प्रिय पास्टर काकाजी,

जय मसीह की.

काल गोटमार झाली. तुमच्यानंतरची पहिली. सकाळपासून किती वेळा हात धुतले, तरी नखांतलं रक्त निघत नाही. म्हणून शिलाई मशीन उघडलीच नाही. लोकांच्या ब्लाउजला डाग कोण लावणार? रिकामी बसले आहे तर म्हटलं, तुमच्याशी भांडून घ्यावं. वर्षभर मनातल्या मनात भांडतेच आहे.

तुम्ही मला चुकवून गेलात, काकाजी. मरण सगळ्यांना येतं, त्याचं मी काही म्हणत नाही. पण ज्या माणसानं मला कधी कुठलं काम एकटीनं करू दिलं नाही, त्यानं स्वतः एकट्यानं नदीत उतरायचं?

जखमींना उचलायची आपली झोळी आठवते ना? दोन बांबू आणि मधे संत्र्यांच्या पोत्यांचं कापड. ते मी दुहेरी शिवणीनं शिवलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे पाण्यात रोवलेला पळस आणि त्याच्यावरच्या देवीच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर दगड. डोकी फुटतात, डोळे जातात, जबडे लोंबतात. मी पहिल्यांदा आले तेव्हा पुलाखाली जाऊन ओकले होते. तुम्हाला विचारलं होतं, हे बंद करा म्हणून का सांगत नाही? तुम्ही म्हणालात, "देवी त्यायची, मान त्यायचा. आपलं काम पडला त्याले उचलणं. चाल, बांबू धर."

आणि तुमचा तो नियम. "समोरचा रस्ता ठरवन, मागचा त्याचं ऐकन. काठावर आले का जागा बदला." दर खेपेला बदल. मी तर नवखी, मला काय रस्ता कळतो? तरी दुसऱ्या खेपेला पुढचा बांबू माझ्या हातात होता आणि तुमच्यासारखा माणूस मागून मुकाट्यानं माझं ऐकत होता.

आपल्या चर्चच्या मंडळीतही तुम्ही तेच चालवलं. कोणी बरा उपदेश करू लागला की त्याला सतरंज्या उचलायला लावायचात, आणि सतरंज्या उचलणाऱ्याला म्हणायचात, पुढच्या रविवारी तू बोल. जुनी माणसं किती चिडायची! माझा पहिला उपदेश मी वहीत तोंड घालूनच केला. तुम्ही सौसरहून, जामसांवलीच्या यात्रेकरूंनी भरलेल्या बसमध्ये उभे राहून आलात, दाराशी बसलात आणि शेवटी एवढंच म्हणालात, "आवाज मागं येत नव्हता." मला वाईट वाटलं होतं. पुढच्या वेळी मात्र मी मोठ्यानं बोलले.

रत्नाच्या बाबतीत आपलं कधी पटलं नाही. बस स्टँडवर पोह्याचा ठेला लावणारी, फाटक्या तोंडाची, प्रार्थनेतही शेजारणीशी भांडणारी. तुम्ही म्हणायचात, ही एक दिवस मंडळी चालवन. मी हसायची.

मागच्या वर्षी दुपारी पळसापाशी एक जण पडला. दगड इतके येत होते की पोलीसही मागे सरले होते. आपण झोळी घेऊन काठावर उभे. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुनंदा, पाणी घेऊन ये. लवकर." मी पुलाखालच्या आपल्या मलमपट्टीच्या टेबलाकडे धावले. घागर घेऊन परत आले तर झोळी काठावर पडलेली, आणि तुम्ही एकटे पाण्यात, त्या माणसाला काखेत धरून ओढताय. दगड कानशिलात बसला तो आवाज मला काठावर ऐकू आला. तुम्ही त्याच्या अंगावर पडलात. त्याच्या वाट्याचे पुढचे दगडही तुम्हीच खाल्लेत. तो वाचला.

लोकांनी तुम्हाला काठावर आणलं तेव्हा तुमचा अर्धा चेहरा चेहऱ्यासारखा राहिला नव्हता. माझ्या हातात दगड कधी आला, मला ठाऊक नाही. पलीकडच्या काठावरचं कुठलंही एक डोकं मला फोडायचं होतं. तेवढ्यात गर्दीतून घुसलेल्या रत्नानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की दगड सुटला. म्हणाली, "रडून राहिली का दगड मारून राहिली, एक काय ते ठरव. काकाजीचं वजन भारी हाये. समोर धर."

तिनं मागचा बांबू धरला. त्या शेवटच्या खेपेत तुम्ही झोळीत होतात.

यंदा मंडळीत ठरत होतं की गोटमारीला जायचं नाही. पास्टर गेले, आता आणखी कोणाचा जीव घालवायचा? मलाही ते पटत होतं. रत्ना मागच्या चटईवरून उठली आणि कपाटामागची झोळी ओढून मधे आणून टाकली. "कापड धुतलं मी. डाग नाही गेला. कोण येते?" मग मी उठले.

काल पहिल्या खेपेला एकाचे दात त्याच्याच मुठीत होते. दुसऱ्या खेपेचा माणूस आईला शिव्या देत होता आणि आईलाच बोलावत होता. तिसऱ्या खेपेला पुढे मी होते. पळसापाशी एक जण पडला. तीच जागा, काकाजी. दगड तसेच. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "रत्ना, पाणी घेऊन ये. लवकर."

बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. तुमचाच आवाज होता तो.

रत्नानं बांबू सोडला नाही. म्हणाली, "पाणी कंबरेले बांधून आणलं हाये, ताई. तुमी हेच म्हणसान, मले माहीत होतं. चाला."

कसं माहीत नसणार? वर्षभर तिच्या ठेल्यापाशी उभी राहून मी तेच तर सांगत होते. काकाजींनी मला पाण्याला धाडलं, काकाजींनी मला पाण्याला धाडलं.

आम्ही उतरलो. एक दगड तिच्या खांद्यात बसला, हाड वाजलं. तिनं दोन्ही काठांना ज्या शिव्या घातल्या त्या तुम्हाला लिहून पाठवता येत नाहीत. पण झोळी वाकडी झाली नाही. माणूस जिवंत वर आला. त्याला उतरवल्याबरोबर, खांदा लोंबत असताना ती मला म्हणते, "बदला. आता मी समोर."

तुम्ही मला का धाडलं ते काल कळलं. माझा जीव प्यारा होता तुम्हाला. कळलं, तरी राग गेला नाही. तुम्ही मला पुढचा बांबू धरायला शिकवलं आणि खरी वेळ आली तेव्हा झोळीच खाली ठेवून गेलात. दोघं असतो तर कदाचित तुम्ही वाचला असता, कदाचित मीही मेले असते. पण बरोबर असतो ना?

रत्नाचा खांदा बांधला आहे. डॉक्टर म्हणतात, जुळेल. येत्या रविवारी ती बोलणार आहे, सतरंज्या मी उचलीन. आणि पुढच्या पोळ्यानंतर, काकाजी, पहिल्याच खेपेला समोर ती असेल. भीती वाटेल मला. तोंडात ‘पाणी’ हा शब्द येईल. मी तो गिळीन, मागचा बांबू धरीन आणि ती म्हणेल तिकडे जाईन.

अजून तुमच्यावर रागावलेली,
तुमची जोडीदार
सुनंदा