मुळ्याच्या जागी ॲस्परॅगस

नॉरिस,
सूप गॅसवर आहे, गरम करून घे. मी भाजीच्या प्लॉटवर आहे. ऊन छान पडलंय, थर्मासमध्ये चहा घेऊन तूही ये.

सात वर्षं कौन्सिलच्या यादीत थांबून ती जमीन मिळवलीस, आणि मंगळवारी डॉक्टरांकडून आल्यापासून नुसते मुळे पेरतोयस, महिन्याभरात हाती येणारे. पुरे झाले मुळे! दोन ओळी मी काल मोडल्या. ओरड हवं तेवढं.

तिथे आज ॲस्परॅगस लावतेय. शेजारच्या प्लॉटवरचा विल्फ्रेड म्हणाला, ‘‘बाई, याच्या कोंबांना पहिली तीन वर्षं सुरी लावायची नसते. कोण थांबणार एवढं?’’

मी म्हटलं, ‘‘आमचा नॉरिस.’’

— एडना