ऑगस्टमधला होकार

२३ ऑगस्ट

एकशे बारा! सोरायाने आठवडाभर चौकात उभं राहून एकशे बारा माणसांना विचारलं – "गावात कॅफे उघडला तर याल का?" – आणि एकशे बारा जण हो म्हणाले. आमच्या पाद्रीबाबांना स्वर्गात कोण येणार असं विचारूनही एवढे होकार मिळत नाहीत.

सोराया माझ्या मुलाची, अदेरितोची मुलगी. जन्मली लक्झेंबर्गला, आठ वर्षं तिथल्या हॉटेलात चादरी धुतल्या, पैसे साठवले. आता बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत तिला कॅफे काढायचाय. कॉफी, केक, आणि मुलांना खेळायला कोपरा. मुलांना! तिला ठाऊक असलेलं गाव ऑगस्टचं आहे. परदेशातली सगळी पोरं-नातवंडं महिनाभर येतात, बँड वाजतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. नोव्हेंबरात आमच्या गावातलं सगळ्यात लहान बाळ म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा – वय अठ्ठावन्न.

हे तिला सांगितलं मात्र नाही.

हे यंत्र तिनेच दिलं. मी बोलते, ते लिहितं. चौऱ्याऐंशी वर्षं अक्षर माझ्या वाटेला आलं नाही, आता मुकाट माझं ऐकतंय. उघडतं ते माझ्याच बोटाने, म्हणून बोलते.

२ सप्टेंबर

गेले सगळे. चौकात कुत्री ओशाळल्यासारखी फिरतायत.

सोराया राहिली. बापाच्या जुन्या खाटेवर झोपते. पहाटे भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो – माझा नसलेला. आमचे हे गेल्यानंतर बावीस वर्षांनी. केवढं बरं वाटतं, हे माणसाने कुणाला सांगू नये.

९ सप्टेंबर

पोरगी मूर्ख नाही. म्हणाली, "आजी, जे बारा महिने इथे असतात त्यांनाही विचारते." आम्ही सव्वीस. कागद घेऊन उद्यापासून दारोदार फिरणार.

मी आजच फिरून आले. तिच्या आधी.

देल्मिनाला म्हटलं, "नात येईल, कॅफेचं विचारेल. हो म्हण."

"अगं, पण मला डॉक्टरने कॉफी बंद केलीय."

"पी म्हटलं का मी? हो म्हण म्हटलं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ती जाईल."

देल्मिनाची दोन्ही पोरं फ्रान्सात. तिने पुढे विचारलं नाही.

१३ सप्टेंबर

सव्वीस होकार. सोराया मला उचलून नाचली. हाडं अजून कुरकुरतायत.

४ ऑक्टोबर

पंचायत खोली भाड्याने देते म्हणाली. दोन नोव्हेंबरला सही. कॉफीचं यंत्रही ठरवलं, इटलीचं. तिच्या आठ वर्षांच्या चादरी त्या यंत्रात जाणार.

रात्री जेवताना विचारलं, "आजी, तू रोज काय घेशील?"

"दुधाची कॉफी. आणि केक."

खोटं! आमच्या गावात नवऱ्यामागे काळे कपडे चढवलेली बाई कॅफेत बसत नाही. चौकातला जुना कॅफे चालू होता तेव्हाही मी उंबऱ्यावरून काड्यापेटी मागायचे, आत पाय नाही टाकला. सव्विसांतल्या एकोणीस आम्ही विधवा. उरलेल्या सात पुरुषांची वाईन घरचीच, पिंपातली.

हे मला ऑगस्टमध्येच ठाऊक होतं. स्वतःशी कबूल करायला मात्र एक कोबीचं सूप आणि दीड महिना लागला.

१ नोव्हेंबर

संतांचा दिवस. शेवंती घेऊन सगळे कबरस्तानात. मी आमच्या ह्यांची कबर घासत होते. मान वर केली तर सोराया मधल्या वाटेवर उभी, बोट हलवत माणसं मोजतेय. दोनदा मोजली.

घरी आल्यावर शाल न काढताच म्हणाली, "आजी, एकही मूल नाही."

"नाही."

"सगळ्या बायका काळ्या कपड्यात."

"बस. आणि उद्या सही करू नकोस."

मग सगळं सांगितलं. देल्मिनाचंही.

"तू मला फसवलंस?"

"हो."

"का पण?"

"घरात खोकला ऐकू यावा म्हणून."

चुलीकडे पाठ करून बसली. सूप तसंच राहिलं.

३ नोव्हेंबर

सही केली नाही. बोलतही नाही. बारा तारखेच्या बसचं तिकीट काढलंय. बॅग खाटेवर, तोंड उघडं.

शेवटी मीच म्हटलं, "तुझा प्रश्न चुकला होता. येणार का, घेणार का, असं विचारलं की माणूस तुझं मन राखतो. तोंडावर नाही म्हणायला आमच्याकडे कुणी शिकवलेलंच नाही. मी पस्तीस वर्षं गाढवावर पेटी बांधून गावोगाव सुया-दोरे विकले. बाई दोरा मागायची, नजर मात्र इलॅस्टिकवर. मी काय विकायचे?"

"आता शिकवतेस होय!"

"उशिरा शिकवते. गेल्या महिन्यात कोण कशासाठी शहरात गेलं, कशावर पैसे मोडले, ते विचार. कागद नेऊ नकोस. बस, आणि गप्प राहा."

"मला काय करायचंय आता?" म्हणाली. दार आपटलं.

७ नोव्हेंबर

तरी गेली! चार दिवस बसली लोकांकडे. आज आपणहून माझ्याशी बोलली.

"आजी, देल्मिना दोन महिन्यांत दोनदा टॅक्सीने शहरात गेली. तीस किलोमीटर. म्हातारा अबीलियुसुद्धा. अजून नऊ जण."

"मग?"

"कशाला गेलात विचारलं की एकच उत्तर – काम होतं. आणि सगळे खाली बघतात. देल्मिना तर लाजली. असं कसलं काम?"

"मला काय ठाऊक," म्हटलं.

ठाऊक आहे. मीही त्याच टॅक्सीने जाते, मेणबत्त्या आणायच्या नावाखाली. पायाची नखं. कंबर वाकत नाही, हात पोचत नाही, डोळ्यांना दिसत नाही. नखं वाढतात, वळतात, मांसात शिरतात. मग चालणं बंद, मग प्रार्थनेला जाणं बंद. शहरात एक नर्स आहे, ती कापून देते. आम्ही एकमेकींना सांगत नाही. पन्नास वर्षांच्या मैत्रीत देल्मिनाने माझे पाय पाहिलेले नाहीत. नवऱ्यानेही अंधारातच पाहिले.

माझं धरून बारा घरं. या एका गावात. डोंगरापलीकडे अशी आणखी पाच गावं.

सांगितलं तर ती कदाचित राहील, कॅफेऐवजी हेच काम मांडून. पण तिला थांबवण्यासाठी मी एकदा खोटं बोललेच आहे. आता खरं बोलले तरी ते त्याच तोंडातून येणार. दाखवल्याशिवाय कोण विश्वास ठेवेल? आणि दाखवायचं – देवा!

१० नोव्हेंबर

नाही बोलले.

११ नोव्हेंबर

सेंट मार्टिनचा दिवस. रिवाजाप्रमाणे दोघींनी चेस्टनट भाजले. तिने माझे सोलून दिले, मागितले नव्हते तरी. बॅग दाराशी आली आहे. बंद.

१२ नोव्हेंबर

सातची बस. साडेसहाला मी खुर्ची दाराजवळच्या खिडकीशी ओढली, मोजे काढले आणि दोन्ही पाय तिच्या बॅगेवर ठेवले.

"हे ते काम," म्हटलं.

ती बघत राहिली. माझी नजर छताकडे. मग पाणी तापवल्याचा आवाज आला. कात्री आणली, खाली बसली, टाच मांडीवर घेतली. चौकात बसने भोंगा दिला – एकदा, दोनदा. मी पाय मागे घेऊ लागले.

"हलू नकोस," म्हणाली.