बिनआवाजाचा डबा

प्रिय ठमे,

फोन उचलत नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. नको उचलूस. पण हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच, मधे मधे बाबांचा विषय आला तरी. त्यांच्यावर चिडायचा तुला पुरेपूर हक्क आहे, असं परवा-परवापर्यंत माझंही मत होतं. त्या रविवारी मी मावशीकडे गेले होते. तू फोन केलास, इतके महिने मनात दाबून ठेवलेली गोष्ट एका दमात सांगितलीस, आणि बाबा म्हणाले, "वा, छान झालं." वर त्यांच्या नव्या डब्याचं तापमान कसं काबूत ठेवायचं ते तुला समजावत बसले. संध्याकाळी तुझा निरोप आला, "बाबांना सांगून झालंय, छान झालं म्हणाले आणि डब्याचं तापमान समजावत बसले, आता मला कोणाशीच बोलायचं नाही." खाली नुसता नवा पत्ता. त्यात फक्त तुझं एकटीचं नाव होतं. तुम्हा नवराबायकोचं पटत नाही एवढं मला कळत होतं, पण तू घर सोडलंस हे मला असं, पत्त्यावरून कळलं.

त्यानंतर मी तुझ्या बाबांशी धड बोलले नाही. नुसतं विचारलं, काय म्हणाली ठमी? तर म्हणाले, मजेत आहे. मजेत! त्या एका शब्दावर मी इतकी भडकले की पुढे तोंड उघडायची मला भीतीच वाटली. तुला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव. अवघड विषय निघाला की हा माणूस हातात स्क्रू ड्रायव्हर घेतो. मला वाटलं, या वेळीही तेच चाललंय, मुलीचं दुःख नको म्हणून डब्यात डोकं खुपसून बसलेत. मी अबोला धरला, आणि त्यांची समजूत अशी की जेवणाचं टेबल अडवलं म्हणून मी रागावलेय. रोज थोडं थोडं टेबल मोकळं करून द्यायचे. अर्ध्या टेबलावर ताटं, अर्ध्यावर तारा. मीठ मागितलं तर एकदा त्यांनी स्क्रूंची वाटी पुढे केली. एरवी मी हसले असते.

आता त्या डब्याबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडचे जुने फोटो, तुझ्या शाळेतल्या नाटकांची चित्रणं, आजोबांचं बोलणं, सगळं चार ड्रॉवरमधल्या हार्ड डिस्कवर विखुरलेलं होतं. ते एका जागी आणायचं, आणि तू जिथे असशील तिथून तुला बघता यावं अशी सोय करायची, हे त्यांच्या मनात निवृत्तीपासून होतं. त्यासाठी घरात कायम चालू राहणारं एक यंत्र हवं. त्याला ते सर्व्हर म्हणतात, मी डबा म्हणते. अट एकच होती, त्यात पंखा नको. उभी नोकरी त्यांनी कंपनीच्या मशीनरूममध्ये काढली. एका खोलीत शेकडो यंत्रं, प्रत्येकाला चार-चार पंखे. मी एकदाच आत गेले होते, दोन मिनिटांत डोकं भणभणलं. तिथली माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलायची आणि त्यालाच गप्पा म्हणायची. बाबा घरी आले की तासभर नुसते बसून राहायचे, आठवतं? तू त्यांच्या मांडीवर चढून बडबडायचीस आणि ते डोळे मिटून हूं हूं करायचे. तर आता घरात घोंघावणारं काही नको, हा त्यांचा हट्ट.

डबा खरंच देखणा झालाय. जाडजूड पुस्तकाएवढा, ॲल्युमिनियमचा, वरून कंगव्यासारख्या पट्ट्या. आतली उष्णता त्या पट्ट्यांतून बाहेर जाते, त्यामुळे वारा घालावा लागत नाही. प्रोसेसर कमी वीज खाणारा. फिरणाऱ्या डिस्क काढून न फिरणाऱ्या बसवल्या. प्रोसेसरवर कसलीशी राखाडी मलई लावतात, ती जास्त झाली म्हणून पुसली, कमी झाली म्हणून पुन्हा लावली. मला त्यांनी सुनेच्या हातचा स्वयंपाक चाखणाऱ्या सासूची आठवण करून दिली. डब्याखाली रबराचे पाय, पुस्तकांच्या कपाटात मागच्या फळीला भोक पाडून तार बाहेर. कपाटाला भोक पाडलं हे मी अजून माफ केलेलं नाही, ते वेगळं.

तयार झाल्यावर उद्घाटन. त्यांनी घरातलं एकेक बंद करत आणलं. फ्रिज बंद, छताचा पंखा बंद, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. मला खुर्चीवर बसवलं, डबा चालू केला आणि श्वास रोखून उभे राहिले. चेहऱ्यावर असा आनंद, की माझा राग क्षणभर पातळ झाला. मग मला ऐकू आलं. बारीक, सुईसारखं, कानात डास अडकल्यासारखं. थांबेचना. त्यांनी विचारलं, येतोय काही आवाज? मी म्हटलं, येतोय की. तर म्हणाले, "अगं, आत हलणारं काही नाहीच, आवाज करेल कोण? तुझा राग वाजतोय तो." मी उठून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही. ते बाहेर एकटेच उभे राहून शांतता ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मापाला नेलेला तुझा जुना ड्रेस परत द्यायला आले. दारातूनच म्हणाले, "काय हो, तुमच्या कपाटात काय किणकिणतंय? उंदीर शिट्टी वाजवायला शिकला काय?" बाबा हसले, पण हसू लगेच ओसरलं. बायकोला भास होतो, शिंप्यालाही होतो, म्हणजे काहीतरी आहे. काका गेल्यावर त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं आणि फोन डब्याशी धरला. पडद्यावर उजव्या टोकाला एक उंच रेघ उभी होती. फोन वीज देणाऱ्या अडॅप्टरजवळ नेला, रेघ आणखी वाढली. डबा नाही, अडॅप्टर ओरडत होता. मी म्हटलं, सापडला ना चोर, बदला तो. त्यांनी मला हाक मारून जवळ उभं केलं, अडॅप्टरची पिन काढली आणि विचारलं, आता? मी म्हटलं, गेला. पुन्हा लावली, आता? आला. पुन्हा काढली, पुन्हा लावली. मी बरोबर सांगत राहिले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अडॅप्टरकडे नाही. शेवटी पिन हातात धरून खाली बसले आणि म्हणाले, "मला काहीच ऐकू नाही येत ग."

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला भराभर दाबत होते, मग बटण नुसतं हातात राहिलं. तरी चेहरा असा लक्ष देऊन, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. बाई म्हणाल्या, जाड आवाज चांगले ऐकू येतात, म्हणून दारावरची थाप, पुरुषांचं बोलणं यात अडत नाही. बारीक आवाज गेलेत, मशीनरूमने खाल्लेत, आणि हे काल-परवाचं नाही. समोरचा माणूस ओठांवरून कळतो, पण फोनवर, त्यातून बायकांचं आणि मुलांचं बोलणं, म्हणजे नुसती कुजबुज. मग त्यांनी सहज विचारलं, "काका, मग फोनवर कसं निभावता?" बाबा थोडे ओशाळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलगी बोलते रविवारी. मी मधे मधे छान, छान म्हणतो आणि मग माझंच काहीतरी सांगत बसतो. तिला सारखं काय म्हणालीस, काय म्हणालीस विचारलं तर ती फोन करायची बंद होईल."

ठमे, मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या हातातली पिशवी घट्ट धरली. मला एकदम तुमचा तो रविवार दिसला. तिकडे तू, रिकाम्या खोलीत, उसनं धैर्य आणून बोलणारी. इकडे हे, कानाला फोन दाबून, तुझ्या आवाजाचा नुसता चढउतार ऐकत, थांबलीस की वाक्य संपलं असेल असं समजून छान झालं म्हणणारे. तू गप्प झालीस ते त्यांना कळलंच नसणार.

आता त्यांच्या कानांत दोन छोटी यंत्रं बसवलीत. वर्तमानपत्र उलटताना दचकतात, म्हणतात, कागद एवढा ओरडतो? समोरासमोर बरंच कळायला लागलंय. फोनवर अजून जमत नाही, बाई म्हणाल्या वेळ लागेल. रविवारी मात्र फोन शेजारी घेऊन बसतात. नाही वाजला की म्हणतात, कामात असेल.

मी हे लिहितेय ते एवढ्यासाठी. त्यांना अजून काहीच माहीत नाही. तू वेगळी झालीस, एका खोलीत राहतेस, यातलं अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. मी सांगू शकले असते, घरी येताना रिक्षात दोनदा तोंडाशी आलं होतं. पण मी सांगितलं तर ते पहिला प्रश्न विचारतील, तिने मला का नाही सांगितलं? आणि त्याचं उत्तर देऊन मला त्यांना मारायचं नाही. ते उरलेलं आयुष्य प्रत्येक रविवार आठवून बघतील, कशाकशाला छान म्हणालो म्हणून. तेव्हा तू ये. सुट्टी काढ, दोन दिवसांची तरी. त्यांच्या समोर बस, उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडेल अशी, आणि सावकाश बोल. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगणं किती जड आहे ते मला कळतं, आणि तेच मी तुझ्याकडे मागतेय. पण बाळा, पहिल्यांदाच सांगतेयस असं सांग.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई