खोऱ्याचा निळा नकाशा

आई, तू गेल्यावर पिरंगुटला आपल्या घरामागे आणखी दोन धुराडी उभी राहिली. मी अजून पुण्यात सरकारी ऑफिसात तेच काम करते. धूर कुठून किती निघतो, वारा कसा वाहतो, डोंगर त्याला कुठे अडवतात, हे सगळं संगणकात घालायचं आणि आपल्या भागातली हवा उद्या कशी असेल ते काढायचं. 'म्हंजी खोटी हवा,' तू म्हणाली होतीस. 'खोटी नाही गं, हिशेबातली,' मी म्हणाले होते.

तो रविवार आठवतो. तुझी धाप इतकी वाढली होती, की भाकरी थापताना मध्येच भिंतीला टेकायचीस. मी ऑफिसातून दोन नकाशे छापून आणले होते. एकात आपलं खोरं लालभडक. थंडीत सकाळी गार हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर खोऱ्यातच कोंडतो, तो हा लाल. दुसऱ्यात मी कारखान्यांचा धूर हिशेबातून काढून टाकला होता, खोरं जवळजवळ निळं. तू पिठाचे हात पदराला पुसून तो निळा कागद उचललास, खिडकीशी नेलास. 'लई ग्वाड दिसतंय. हितं कवा व्हईल गं आसं?'

'अहवाल दिलाय वरती,' मी सांगितलं.

तेवढ्यात दादा पाळी संपवून आला. तिथल्याच एका कारखान्यात तो भट्टीवर. कागद बघून म्हणाला, 'कारखाना बंद पाडून आमाला खायला काय घालनार हायेस?' तू त्याला ताट वाढलंस.

अहवालावर बैठक झाली. साहेब म्हणाले, काम चांगलंय, पण संगणकाच्या अंदाजावर कुणाला नोटीस काढता येत नाही. आधी हवा मोजायची यंत्रं बसवू. यंत्रं आलीच नाहीत. पुढच्या थंडीत कुठल्या सकाळी हवा वाईट असेल, ते मला आधीच कळलं होतं. मी दादाला फोन केला, आईला बाहेर सोडू नको, खिडक्या लावून घे. त्यानं लावल्या. आतली हवा तरी कुठली वेगळी होती? त्यातल्याच एका सकाळी तू गेलीस. माझा अंदाज बरोबर आला होता.

आता दादाही खोकतो. डॉक्टरकडे चल म्हटलं, की 'थंडीचं हाय' म्हणतो आणि पाळीला जातो.

हे पत्र कुठे पाठवणार? इथेच ड्रॉवरमध्ये राहील. पुढच्या महिन्यापासून मी एका विमा कंपनीत लागतेय. ते ऑफिस घराजवळ आहे, असं सगळ्यांना सांगितलंय. तसं ते जवळ नाही. पण तिथे उद्याची हवा आधी कळत नाही.