घसरगुंडीखालचं खळं

सोमवार, संध्याकाळ

आज रेणुकाचा हात मोडला. दुसरीतली पोर, शाळेच्या घसरगुंडीवरून कडेला पडली ती थेट टणक जमिनीवर. तिथं आधी वाळू होती. मुलं ती व्हरांडाभर सांडायची, म्हणून चिडून मीच काढायला लावली. शाळा स्वच्छ दिसावी ना! मग रोज सकाळी तिथं पाणी शिंपडायचं, झाडायचं, चोपून सारखं करायचं.

शेतकऱ्याची लेक मी. ज्वारी मळायला दादांसोबत खळं केलंय. जमीन अशीच पाणी मारून, चोपून दगडासारखी करतात. हे मला ठाऊक नव्हतं का? लेकरांच्या पायाखाली मी खळंच केलं, आणि तपासणीला आलेल्या साहेबांना कौतुकानं दाखवलंही.

औशाच्या दवाखान्यात रेणुकाची आई उलट मलाच धीर देत होती. "लेकरू हाय बाई, पडायचंच." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उद्या वाळू आणायची. दर शनिवारी उकरून भुसभुशीत ठेवायची. आज सुचतंय हे!

निघताना रेणुकानं प्लास्टरचा हात सावरत मला हळूच सांगितलं, "बाई, वाळू परत टाका ना. आम्ही सांडणार न्हाई."